बैलगाडी आणि बैलाचा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी एक लहानसा विधी होतो. त्याला खांदेमळणी म्हणतात. बैलांना धुऊन त्यांच्या मानेवर, वशिंडाच्या किंचित पुढे जेथे जू टेकते त्या जागी, तूप किंवा तेल आणि हळद चोळली जाते. विदर्भ-खानदेशात हा सण श्रावणी अमावास्येच्या सुमारास येतो, कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदूर म्हणून होतो, बेळगाव-धारवाडच्या सीमाभागात ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी साजरी करतात. तिथी निरनिराळ्या, परंतु बैलाला एक दिवस जुवाखालून मोकळे करावयाचे ही गोष्ट सर्वत्र सारखीच. बायबलातील शब्बाथाच्या आज्ञेतही माणसाबरोबर बैलाला विसाव्याचा दिवस नेमून दिलेला आहे. जेथे जेथे माणसाने बैलाला जुंपले तेथे तेथे त्या खांद्याची चिंता कोणीतरी वाहिलेली दिसते.

ही चिंता केवळ भूतदयेपोटी निर्माण झाली असे मात्र नव्हे. बैलगाडी हे जे यंत्र आहे, त्याचा प्रत्येक भाग या एकाच प्रश्नाशी बांधलेला आहे: माल जमिनीवर किती टेकवावयाचा आणि बैलाच्या मानेवर किती ठेवावयाचा? सुताराने निवडलेले लाकूड, लोहाराने चढविलेली धाव, गाडीवानाने भरलेले वंगण, पोत्यांची मांडणी, या साऱ्यांची परीक्षा शेवटी त्या वीतभर कातडीवर होते. एखादी गोष्ट चुकली की तेथे सूज येते, मग जखम होते. पशुवैद्य तिला खांदेसूज म्हणतात. ऐन सुगीत खांदेसूज झालेला बैल घरी बसला म्हणजे शेतकऱ्याचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

गाडीचे मोल कळावयाचे असेल तर गाडी नसतानाचा काळ आठवावा लागतो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा व्यापार कित्येक शतके बैलांच्या पाठीवरून चालला. वंजारी, ज्यांना लमाण असेही म्हणतात, ते शेकडो, प्रसंगी हजारो बैलांचे तांडे घेऊन फिरत. गोव्याच्या मिठागरांतील मीठ ते घाटावर नेत आणि येताना धान्य खाली आणीत. १८०३ सालच्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरविण्यातही वंजाऱ्यांच्या तांड्यांचा मोठा वाटा होता. वऱ्हाडातील कापूस तर पाठीवरच्या गोणींतून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. परंतु एका बैलाच्या पाठीवर माल मावतो तो सुमारे शंभर-सव्वाशे किलो. शिवाय रोज सायंकाळी प्रत्येक गोण उतरवावी लागे आणि पहाटे पुन्हा चढवावी लागे. पावसात कापूस भिजे, धुळीने मळे, काट्याकुट्यांत गोणी फाटत. उलट, बरा रस्ता असेल तर त्याच जातीची दोन जनावरे गाडीतून आठ-नऊशे किलो माल सहज नेतात. फरक बळाचा नाही. पाठीवरचा बैल ओझे पेलतो; गाडीचा बैल ओढतो, पेलण्याचे काम चाक करते.

मग लोकांनी आधीच गाड्या का केल्या नाहीत? गाड्या होत्या, पण चाक धड नव्हते. दख्खनेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जो गाडा दिसे त्याची चाके अखंड लाकडाची, काही ठिकाणी चक्क दगडाचीही असत. असा गाडा स्वतःच्याच वजनाने बैलांना थकवी. तो शेतातले पीक खळ्यावर आणण्यास किंवा शेणखत नेण्यास उपयोगी पडे. लांबच्या बाजाराला कोणी तो जुंपीत नसे. १८३६ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेसफर्ड याच्या देखरेखीखाली आऱ्यांच्या चाकांच्या सुधारलेल्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि त्या नमुन्यावर गावोगावचे सुतार गाड्या करू लागले. आज जिला आपण परंपरेची बैलगाडी म्हणतो, ती देशावर या स्वरूपात सर्रास रुळून फार तर पावणेदोनशे-दोनशे वर्षे झाली आहेत. परंपरा म्हणून जे दाखविले जाते ते पुष्कळदा इतकेच जुने असते.

त्या चाकाची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांना बसविलेल्या वक्र पुठ्या. सामान्यतः एका पुठीत दोन आरे येतात. तुंब्याला बाभळीसारखे चिवट, न उकलणारे लाकूड लागते. कण्याला, म्हणजे आखाला, धावडा चांगला. तिवसाच्या लाकडालाही सुतारांत मान होता. लाकूड नीट वाळलेले नसेल तर चाक पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुरू लागते. हे सारे तुकडे एकत्र धरून ठेवते ती लोखंडी धाव. लोहार ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड करतो. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवितात. तापली म्हणजे लोखंड प्रसरण पावते आणि तेवढ्या वेळात तीन-चार माणसे सांडशींनी ती उचलून चाकावर बसवितात. लाकूड पेटते, धूर निघतो, आणि लगेच घागरींनी पाणी ओततात. लोखंड आकसते तसा प्रत्येक आरा तुंब्यात आणि पुठीत करकचून बसतो. एकही खिळा न मारता सबंध चाक एकजीव होते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचे हेच उदाहरण दिलेले असते. गावच्या मुलांनी ते लोहाराच्या भात्यापाशी आधीच पाहिलेले असे.

उन्हाळ्यात उलट प्रकार होतो. लाकूड सुकून आकसते, धाव सैल पडते आणि खडखडते. अशा वेळी गाडीवान ओढ्यात गाडी उभी करून चाके भिजत ठेवतो. आखाला वंगण लागते ते वेगळेच. एरंडेल तेलात जळक्या गवताची अथवा चिंध्यांची काजळी कालवून केलेले हे काळे वंगण गाडीखाली टांगलेल्या नळ्यात भरलेले असे. वंगण संपलेली गाडी लांबूनच ऐकू येते. तो आवाज कित्येकांना गोड वाटतो आणि त्यावर भावगीतेही होतात, पण त्या प्रत्येक करकरीत बैलाचे बळ वाया जात असते.

आता माल भरण्याकडे वळू. दोन चाकांची गाडी म्हणजे आखावर तोललेला तराजू होय. साट्यावर पुढे अधिक पोती पडली तर भार जुवावर येतो आणि बैलाची मान दबते. मागे अधिक पडली तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि गळ्याखालची जुपणी बैलाचा गळा आवळते. म्हणून थोडासाच भार पुढे राहील अशी मांडणी करावी लागते. जाणता गाडीवान माल भरून झाला की बैल जुंपण्याआधी जू हाताने उचलून पाहतो. हाताला जे जाणवेल तेच पुढे कोसन्‌कोस बैलाच्या मानेला जाणवणार असते. त्यातही एक अडचण आहे. सपाटीवर साधलेला तोल चढावर टिकत नाही. माल आखाच्या वर असल्यामुळे गाडी चढाला लागली की वजन मागे झुकते, उताराला लागली की सगळे मानेवर येते. कडबा किंवा कापूस असा उंच रचलेला माल असेल तर हा फरक अधिकच मोठा. चढावर गाडीवान पुढे दांडीवर सरकून बसतो आणि उतारावर मागे जाऊन लोंबकळतो. हा खेळकरपणा नव्हे. स्वतःचे पन्नास-साठ किलो वजन तो योग्य पारड्यात टाकीत असतो.

ओढण्याचे गणितही थोडे समजून घेण्याजोगे आहे, कारण पुढची सारी कथा त्यावर अवलंबून आहे. बैल दिवसभर न थकता ओढू शकतो ते आपल्या वजनाच्या साधारण एक-दशांश जोराने. तीनशे किलोंचे दोन बैल धरले तर जोडीचा टिकाऊ जोर झाला साठ किलो. गाडी आणि माल मिळून बाराशे किलो असतील, रस्ता कठीण व सपाट असेल, तर लोखंडी धावेची गाडी चालती ठेवण्यास एकूण वजनाच्या तीसाव्या-चाळीसाव्या भागाएवढा, म्हणजे तीस ते चाळीस किलो जोर पुरतो. बैल मजेत चालतात. तीच गाडी नदीच्या वाळूत उतरली की अरुंद धाव रुतते आणि दोनशे किलोंच्या वर जोर लागतो. म्हणून नदीपात्रात गाड्या अडत आणि दुसऱ्याच्या जोड्या मागून आणाव्या लागत. वीस हातांत एक हात चढ असेल तर नुसत्या चढासाठीच साठ किलो जास्त. म्हणजे बैलांची सारी शक्ती चढातच संपली, चाके फिरविण्यास काही उरले नाही. तेवढा वेळ बैल दुप्पट-तिप्पट जोर लावतात हे खरे, पण तो जोर उसना असतो आणि त्याची परतफेड त्यांच्या खांद्याला आणि खुरांना करावी लागते.

चाकाखाली काय आहे याला किती महत्त्व आहे, याचे फार सुंदर उदाहरण बडोदे संस्थानात घडले. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू केला. हिंदुस्थानातील अरुंद मापाच्या रेल्वेचा हा आरंभ मानला जातो. परंतु रूळ इतके हलके होते की इंजिनाचे वजन त्यांना पेलेना. मग डबे बैलांनी ओढले! भक्कम रूळ घालून इंजिने नियमित धावू लागेपर्यंत सुमारे दशकभर ही बैलांची आगगाडी चालली. आज ऐकताना हसू येते, पण त्यात हास्यास्पद असे काहीच नव्हते. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला विरोध फारच थोडा, मातीच्या रस्त्याच्या काही अंशानेच होतो. बैलाच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्या जातीला इतका हलका भार त्यापूर्वी कधी ओढावा लागला नसेल.

बाकी ठिकाणी बैलाच्या वाट्याला घाट आले. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी १८३० मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, खुला झाला; त्यापूर्वी तेथे पाठीवरचे बैल, हमाल आणि पालख्याच चालत. बेळगावचा माल वेंगुर्ले बंदराला जावयाचा तो आधी रामघाटाने. हा घाट अतिशय खडा होता आणि गाडीवानांना त्याची धास्ती असे. पुढे आंबोलीचा घाटरस्ता झाला तेव्हा वाहतूक तिकडे वळली. घाट चढताना आघाडीला दुसरी जोडी लावावयाची, थोडे चढून चाकामागे दगड ठेवावयाचा, बैलांना श्वास घेऊ द्यावयाचा, पुन्हा चढावयाचे. उतरण त्याहून बिकट. चाक साखळीने बांधून ते फिरू न देता घसरत न्यावयाचे, किंवा मागे लाकडाचा ओंडका बांधून फरफटत न्यावयाचा. एवढे करूनही पुढच्या दोन जिवांच्या मानेवर सारी गाडी लोटत असे.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली. १८८८ मध्ये कॅसलरॉकवरून गोव्यातील मुरगाव बंदरापर्यंत गाडी धावू लागली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. लांबच्या पल्ल्याचा गाडीवान आणि वंजारी यांचा धंदा बुडाला, हे खरेच. परंतु रेल्वेने बैलगाडी संपविली ही समजूत चुकीची आहे. स्टेशन झाले की स्टेशनपर्यंत माल आणावयास गाड्या लागू लागल्या. कापसाच्या जिनिंगपाशी, गुळाच्या पेठांत, धान्याच्या आडतींसमोर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या त्या रेल्वेनंतरच. अफूच्या व्यापारासाठी माळव्यातून लांबवर जाणाऱ्या गाड्या बंद झाल्या, पण इंदूरच्या बाजारात खेड्यांतून येणाऱ्या गाड्या वाढल्या. लांबचा प्रवास गेला, फेऱ्या वाढल्या.

यानंतरचा मोठा बदल रबराचा. १९३० नंतरच्या काळात हवा भरलेल्या टायरच्या बैलगाड्या या देशात आल्या. एका कंपनीच्या नावावरून लोक तिला डनलॉप गाडीच म्हणू लागले. कठीण रस्त्यावर तिला जोर कमी लागतो. मऊ जमिनीत रुंद टायर रुतत नाही. धक्के कमी बसतात. आणि लोखंडी धावेने डांबरी रस्त्याची जी चाळण होते तीही होत नाही. बंगलोर येथील व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी पुढे १९७० नंतरच्या दशकात पशुशक्तीचा विषय हाती घेतला आणि देशातील ही प्रचंड वाहतूक-व्यवस्था संशोधकांनी किती दुर्लक्षिली आहे, हे आग्रहाने मांडले. सुधारलेले जू, हलके साटे, धारवा (बेअरिंग) बसविलेले आख, हे सारे शक्य असल्याचे अशा अभ्यासांतून पुढे आले.

शक्य होते, पण झाले काय? गाडी हलकी चालू लागली तेव्हा बैलाचे ओझे कमी झाले नाही, गाडीवरचा माल वाढला. दगडी चाकाऐवजी आऱ्यांचे चाक आले तेव्हाही तेच झाले होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात साखर कारखान्यांच्या हंगामात, दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, टायरगाड्यांतून दोन टनांच्या वर ऊस भरून जाताना दिसतो. सपाट रस्त्यावर बैल तो ओढतातही. पण फडातून बाहेर पडताना, ओढ्याचा चढ चढताना, कारखान्याच्या दारातील गतिरोधकावरून जाताना तोच बैल गुडघ्यावर येतो. सपाट रस्त्याच्या हिशेबाने भरलेली गाडी चढाचा हिशेब मागतेच.

कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी भारत सरकारचे १९६५ चे नियम आहेत. मोठ्या बैलांच्या जोडीने ओढावयाच्या दोन चाकी गाडीत टायर नसतील तर ९०० किलो, टायर असतील तर १३५० किलो आणि धारवा असतील तर १८०० किलो एवढीच कमाल मर्यादा त्यांत घालून दिली आहे. लहान बैलांना याहून बरीच कमी. एक किलोमीटर किंवा अधिक लांबीचा आणि तीस मीटरला तीन मीटरपेक्षा अधिक असा चढ वाटेत असेल तर यांतला निम्माच माल भरावा. दिवसाकाठी नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही, विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक नाही. पारा सदतीस अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपावयाचे नाही. आर लावलेली पराणी वापरण्यास मनाई आहे. नियमांत बैलाच्या वजनाचा, चाकाचा, चढाचा आणि उन्हाचा, चारही गोष्टींचा हिशेब आहे. ज्याने कोणी ते लिहिले त्याला गाडी ठाऊक होती असे म्हणावे लागते.

ते पाळले जात नाहीत याचा दोष गाडीवानाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु त्याची मजुरी टनावर ठरलेली असते. त्याने हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, बैलजोडी बहुधा त्याच उचलीतून आलेली असते, आणि हंगाम मोजक्या महिन्यांचा. एका खेपेला टनभर ऊस कमी भरावा तर दुसरी खेप रात्री करावी लागते आणि त्या खेपेत तो स्वतः व त्याची बायको झोपेशिवाय चालतात. बैलाच्या खांद्यावरचे ओझे हलके करावयाचे तर माणसाच्या खांद्यावरचे आधी मोजावे लागेल. अलीकडे ट्रॅक्टरला जोडलेल्या लहान गाड्यांनी पुष्कळ ठिकाणी बैलांची जागा घेतली आहे, तरी हंगामात टायरगाड्यांच्या रांगा अद्याप दिसतात.

वजन कळत नाही म्हणून नियम मोडतो, अशी सबब मात्र येथे कोणालाच सांगता येत नाही. कारखान्याच्या दारात वजनकाटा असतो. प्रत्येक गाडी त्यावर चढते, भरलेली आणि मग रिकामी, आणि किती ऊस आला याची पावती गाडीवानाच्या हातात पडते. त्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते, फडाचा क्रमांक असतो, तारीख आणि वेळ असते, आणि किलोंचा अचूक आकडा असतो. तो आकडा १३५० च्या शेजारी ठेवून वाचण्यास निराळी यंत्रणा लागत नाही. काट्यावर बसलेल्या कारकुनाला तो पैशांसाठी रोज वाचावाच लागतो.